वादकाचा मुलगा

माझ्या थोरल्या बहिणीचा संसार आदिलाबादला आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते खरे, पण आदिलाबादच्या कापूसबाजारात उभे राहिले तर आपण मुलूख सोडून आलो असे मराठी माणसाला वाटत नाही. भाव मराठीत विचारावा, घासाघीस तेलुगूत ऐकावी आणि भांडण जुंपलेच तर ते दखनी उर्दूत चालावे, असा तेथील शिरस्ता. मेहुण्यांचा कापसाचाच व्यवहार आहे. धाकटा भाचा इंटरमीडिएटच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तबला वाजवतो. मामा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून सांगतो, बरा वाजवतो.

गेल्या दसऱ्याच्या सुटीत ताईने मला मुद्दाम बोलावून घेतले. काम नाजूक होते. पदार्थविज्ञानाच्या चाचणीत चिरंजीवांची दाणादाण उडाली होती, तीही एकाच प्रकरणात: फेकलेल्या वस्तूंची गती. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा दोन वर्षांवर आलेली. तेव्हा मी त्याला समजवावे, की तबला दोन वर्षे गवसणीत घालून माळ्यावर ठेव. मामाचे तो ऐकेल, हा ताईचा भरवसा. उभे आयुष्य मुलांना संगीत शिकवण्यात घालवणाऱ्या माणसाने भाच्याला संगीत सोड म्हणून सांगावयाचे! मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्याची वही मागवली.

वहीतील उदाहरण असे होते. 45 मीटर उंच कड्यावरून एक दगड सेकंदाला 20 मीटर वेगाने अगदी आडवा फेकला, तर तो कड्याच्या पायथ्यापासून किती लांब पडेल? भाच्याचे उत्तर 32 मीटर. मास्तरांनी तांबड्या शाईने 60 लिहिले होते आणि का ते लिहिले नव्हते. माझे पदार्थविज्ञान शाळेबरोबर संपले, पण हे कोडे ज्याने प्रथम सोडवले त्या गृहस्थाची माझी जुनी ओळख आहे. ओळख त्याच्या वडिलांमुळे. ते आमच्याच धंद्यातले.

गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म इटलीतील पिसा गावी 15 फेब्रुवारी 1564 रोजी झाला. वडील विंचेन्झो हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत. त्याचे पोट नासपतीच्या आकाराचे असते, आणि त्याचे पडदे धातूचे नव्हेत, तातीचे. ती तात गळ्याभोवती बांधतात आणि लागेल तशी सरकवतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असून सरकवता येतात, हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोच. हा पडद्यांचा तपशील ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

विंचेन्झो नुसते वादक नव्हते. फ्लॉरेन्समधील रसिक सरदारांच्या बैठकीत ते बसत, जुन्या ग्रीक संगीतावर वाद घालीत, आणि 1581 साली त्यांनी प्राचीन व अर्वाचीन संगीतावर एक मोठा ग्रंथ छापला. त्यात त्यांनी खुद्द आपल्या गुरूंच्या, झारलिनो यांच्या, मतांवर हत्यार उपसले. आपल्याकडे असे कोणी केले असते तर त्याचे पाणी बंद झाले असते. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पायथागोरसाच्या काळापासून असे मानीत, की तारेला दुप्पट वजन टांगले की स्वर दुप्पट चढतो, म्हणजे षड्जावरून वरच्या षड्जाला जातो. दोन हजार वर्षे हे सर्वांनी लिहिले आणि कोणी वजन टांगून पाहिले नाही. विंचेन्झोंनी टांगले. दुप्पट वजनाने वरचा षड्ज लागेना, चौपट लागले. दोनाचा वर्ग चार. 1589 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याआधीची काही वर्षे मुलगा पिसाहून परत येऊन फ्लॉरेन्समध्येच राहत होता. त्याने त्या वजनांना हात लावला की नाही याचा पुरावा नाही, पण ज्या घरात असा उद्योग चाले त्या घरचे वारे त्याला लागले, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

तो परत का आला होता, हीही मौजेची कथा आहे. वादकाच्या घरात मान असतो आणि पैसा नसतो. माझे वडील दरबारी सतारिये. संस्थान विलीन झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि आजोबांच्या मागे बसून साथ करीत. पुढे राजवाड्यातील सणावारांच्या बैठकींपुरती नेमणूक उरली. मी त्यांना उतारवयात झालो, आणि मी वाजवावे असे त्यांना मनापासून वाटत असूनही त्यांनी मला कॉमर्सला घातले. विंचेन्झोंनीही तेच केले. 1581 साली मुलाला पिसाच्या विद्यापीठात वैद्यक शिकावयास पाठवले. वैद्याच्या घरी चूल रोज पेटते, हा हिशेब. मुलगा रिच्ची नावाच्या एका शिक्षकाकडून भूमिती शिकला, तिच्या नादी लागला आणि 1585 साली पदवी न घेताच घरी आला. मी निदान बी.कॉम. पुरे केले.

1589 साली त्याला पिसातच गणिताची जागा मिळाली. पगार वर्षाला 60 स्कुदी, म्हणजे वैद्यक शिकवणाऱ्यांच्या मानाने नगण्य. तेथील कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकले ही गोष्ट बहुतेक शालेय पुस्तकांत असते. ती त्याच्या शिष्याने त्याच्या मृत्यूनंतर लिहिली आहे, आणि ती घडली असे सर्व अभ्यासक मानीत नाहीत. ती वगळली तरी त्याचे काही उणे होत नाही. 1591 साली विंचेन्झो वारले आणि थोरला मुलगा म्हणून सगळा प्रपंच त्याच्या गळ्यात पडला. बहिणींचे हुंडे होते. धाकटा भाऊ मायकेलॅन्जेलो हा बापासारखा ल्यूट वाजवणारा. तो पोलंडात आणि पुढे म्यूनिकच्या दरबारात वादक झाला. हुंड्यातला आपला वाटा देईन असे त्याने कबूल केले आणि दिला नाही. दरबारी वादकाच्या भावाला दोष देण्यापूर्वी मी दोनदा विचार करतो, कारण पगार थकला की काय होते ते आमच्या घराने पाहिलेले आहे. पण भार गॅलिलिओवर पडला हे खरे. 1592 पासून तो पादुआच्या विद्यापीठात होता. घरी विद्यार्थी ठेवी, शिकवण्या करी, आणि तोफखान्याच्या कामी येणारे एक गणिती कंपास करवून घेऊन विकी, ते वापरावयाचे कसे हे शिकवण्याची फी वेगळी घेई. मला हा गॅलिलिओ फार जवळचा वाटतो. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा तो मोठाच, पण महिनाअखेरीस शिकवणीची फी मोजणारा हा आपल्यातला आहे.

तोफखाना म्हटला की आपल्या उदाहरणाशी आपण येतो. तोफेचा गोळा कसा जातो? जुने मत असे, की तो आधी अंगच्या जोराने सरळ जातो, जोर ओसरला की वळतो, आणि मग निर्जीव होऊन सरळ खाली पडतो. म्हणजे एक गती संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. टार्टाग्लिया नावाच्या गणित्याने 1537 साली 45 अंशांच्या कोनात गोळा सर्वांत लांब जातो असे लिहिले होते, आणि गोलंदाजांना ते सवयीने ठाऊकही होते. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या पोरालाही ते ठाऊक असते. का, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते.

येथे मी भाच्याला थांबवले आणि डग्गा जवळ ओढायला सांगितला. त्याच्या वहीतील चूक मला एव्हाना दिसली होती. आडवा वेग 20 चा, तो त्याने खाली पडण्याच्या समीकरणात घातला होता. डाव्या हाताचे बोल उजव्या हाताच्या खात्यावर मांडले होते. दगड कड्यावरून सुटताना खाली जाण्याचा त्याचा वेग शून्य आहे. 20 हा केवळ पुढे जाण्याचा वेग. दोन हातांनी दोन वेगळी कामे करावयाची आणि एकाने दुसऱ्याचे काही उचलावयाचे नाही, हे ज्याला तबल्यावर येते त्याला कागदावर का येऊ नये?

गॅलिलिओचा शोध म्हणतात तो हाच. दगडाच्या अंगी एकाच वेळी दोन गती असतात, आणि त्या एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. पुढे जाणारी एकसारखी चालते, ठेक्यासारखी. खाली येणारी वाढत जाते. दोघींमध्ये समाईक असा एकच पदार्थ आहे, तो म्हणजे काळ. मात्रा दोघींच्या त्याच, आणि जमिनीची सम दोघी एकदमच गाठतात.

वाढते म्हणजे किती वाढते? हे त्याने पादुआत असताना शोधले. उभ्या पडणाऱ्या दगडाला मोजता येईल इतकी सवड नसते, म्हणून त्याने उतरत्या फळीच्या खोबणीतून गोळी सोडली. त्या काळी सेकंद दाखवणारे घड्याळ नव्हते. भांड्यातून बारीक धारेने पाणी वाहू देऊन ते तोलले आणि त्यावरून वेळ मोजली, असे त्याने पुढे आपल्या ग्रंथात लिहिले आहे. परंतु फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित कागद आहेत. त्यांतील एका पानावर आठ आकडे एकाखाली एक मांडलेले आहेत: 33, 130, 298, 526, आणि असेच 2104 पर्यंत. शेजारी 1, 4, 9, 16 हे वर्ग. स्टिलमन ड्रेक नावाच्या अभ्यासकाने 1975 साली असा तर्क मांडला, की हे आकडे पाण्याच्या धारेने नव्हे, कानाने मिळवलेले आहेत. गॅलिलिओने फळीवर ल्यूटप्रमाणे तातीचे पडदे आडवे बांधले असावेत. गोळी प्रत्येक पडद्यावरून जाताना बारीकसा टक् असा आवाज होतो. तोंडाने एखादी चाल सुमारे अर्ध्या सेकंदाच्या लयीत गुणगुणावयाची, आणि प्रत्येक आवाज नेमका मात्रेवर पडेपर्यंत पडदे सरकवीत राहावयाचे. मग पडद्यांमधली अंतरे पट्टीने मोजावयाची. हा तर्कच आहे आणि सर्वांना तो पटलेला नाही. मला पटतो. मात्रा केसाइतकी मागे पडली तरी शिकलेल्या कानाला ती टोचते. माझे वडील सतारीचा पडदा कागदाच्या जाडीइतका सरकवीत आणि आम्हा भावंडांना त्यात काही फरक दिसत नसे. फरक त्यांना ऐकू येई. गॅलिलिओ स्वतः उत्तम ल्यूट वाजवीत असे, हे येथे जोडून घ्यावे.

भाच्याने 130 ला 33 ने भागले. चाराच्या किंचित खाली. 298 ला भागले, नऊच्या किंचित वर. 526 ला, सोळाच्या जवळ. मग तो स्वतःच म्हणू लागला, की एकूण अंतरे जर 1, 4, 9, 16, तर प्रत्येक मात्रेला नवे पडणारे अंतर 1, 3, 5, 7. आमच्या कड्यावर हेच लावून पाहिले. पहिल्या सेकंदात दगड साधारण 5 मीटर पडतो, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात 25. बेरीज 45. म्हणजे बरोबर तीन सेकंद. आणि त्या तीन सेकंदांत ठेका चालूच आहे, 20, 20 आणि 20. उत्तर 60. डग्ग्यावर त्याने तीन ठोके दिले आणि मास्तरांच्या तांबड्या आकड्याकडे जरा रागानेच पाहिले.

ही आडवी फेकही गॅलिलिओने करून पाहिली होती. 1608 च्या सुमारास त्याने मेजावर उतार उभारून त्यावरून गोळी सोडली. मेजाच्या कडेवरून ती आडवी सुटे आणि जमिनीवर पडे. उतारावरची उंची कमीजास्त करून त्याने प्रत्येक वेळी गोळी पडल्याची जागा मोजली. तो कागदही शिल्लक आहे. गोळी कोठे पडावयास हवी होती तो आकडा, प्रत्यक्षात कोठे पडली तो आकडा आणि दोहोंतला फरक, असे त्याने प्रामाणिकपणे मांडले आहे. गोळीच्या वाटेची वक्ररेषा म्हणजे ग्रीकांनी शंकूच्या छेदातून काढलेला अन्वस्त, हे त्याला उमगले. आणि त्याने ते छापले नाही.

का छापले नाही? 1609 साली दुर्बीण हाती आली. पुढच्या वर्षी आकाशातील नवलांचे पुस्तक निघाले, आणि तो मेदिची घराण्याच्या दरबारी गणिती व तत्त्वज्ञ होऊन फ्लॉरेन्सला गेला. वादकाच्या घरातील माणूस अखेर दरबारात पोहोचला. मग गोळ्या आणि फळ्या बाजूला पडल्या. पृथ्वी फिरते की सूर्य, हा वाद पेटला. 1616 साली त्याला धर्मपीठाकडून समज मिळाली. 1632 साली त्याने या वादावर संवादरूप ग्रंथ काढला आणि 22 जून 1633 रोजी रोममध्ये गुडघे टेकून आपली मते नाकारावी लागली. ही हकीकत वाचकांनी अनेकवार वाचलेली असेल, म्हणून लांबवीत नाही. त्याच सुमारास, 1632 मध्येच, काव्हालिएरी या त्याच्याच परिवारातील गणित्याने अन्वस्ताची गोष्ट आपल्या एका पुस्तकात छापून टाकली. म्हातारा दुखावला. चाळीस वर्षांचा आपला अभ्यास दुसऱ्याच्या पुस्तकातून जगापुढे यावा, हे दुःख बंदिशी राखून ठेवणाऱ्या घराण्यांना चांगले समजेल. काव्हालिएरीने क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले.

शिक्षा जन्मभर नजरकैदेची होती. 1633 च्या डिसेंबरात त्याला फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथील आपल्या घरी राहण्याची मुभा मिळाली. जवळच मठ होता आणि त्यात थोरली मुलगी व्हर्जिनिया जोगीण होती. मुलींच्या आईशी त्याने लग्न केले नव्हते, म्हणून दोघी मुलींना लहान वयातच मठात घातले होते. बापाच्या या निर्णयाचे समर्थन मला करता येत नाही. तरी थोरलीने बापावर फार माया केली. तिची 124 पत्रे उरली आहेत: बापाचे शर्ट, औषधे, बागेतली फळे, मठातील दारिद्र्य. बाप घरी आला आणि चार महिन्यांच्या आत, एप्रिल 1634 मध्ये, ती वारली. वय 33.

त्यानंतरच्या त्या घरात, सत्तरीच्या म्हाताऱ्याने, पादुआतले जुने कागद पुन्हा बाहेर काढले. आकाशाविषयी बोलावयाची बंदी होती, फळीवरच्या गोळीविषयी कोणी बंदी घातलेली नव्हती. तरी त्याचे काहीही छापू नये असा हुकूम होताच, म्हणून हस्तलिखित देशाबाहेर गेले आणि 1638 साली हॉलंडातील लायडन येथे एल्झेव्हिर यांनी ते छापले. आपल्या नकळत हे छापले गेले, अशी बतावणी त्याने केली. ग्रंथात चार दिवसांचे संभाषण आहे. चौथा दिवस फेकलेल्या वस्तूंचा. त्यात 45 अंश सर्वांत लांब का, याची सिद्धता आहे. 45 च्या सारखेच वर आणि सारखेच खाली असलेले दोन कोन, जसे 40 आणि 50, गोळ्याला सारखेच लांब नेतात, हेही त्यात सिद्ध केले आहे. ही दुसरी गोष्ट नुसत्या सवयीने कळण्यासारखी नव्हती. हवेच्या अडथळ्याने प्रत्यक्षात फरक पडतो हे त्याने कबूल केले आहे. पहिल्या दिवसाच्या अखेरीस मात्र फळ्या नाहीत, गोळे नाहीत. तेथे तारा आहेत, त्यांची लांबी, ताण आणि जाडी आहे, आणि स्वर कानाला गोड का लागतात याची चर्चा आहे. वरच्या षड्जासाठी वजन चौपट लागते, हे वडिलांचे म्हणणे त्यात आहे. त्यावर वडिलांचे नाव नाही. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

छापील ग्रंथ त्याला वाचता आला नाही. 1637 च्या अखेरीपर्यंत दोन्ही डोळे गेले होते. शेवटच्या वर्षांत व्हिव्हिआनी नावाचा तरुण त्याच्याजवळ राहून लिहून घेई, आणि अखेरीस टॉरिचेल्लीही आला. 8 जानेवारी 1642 रोजी तो वारला. मोठे स्मारक उभारू दिले गेले नाही. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे मंदिराच्या बाजूच्या एका लहानशा खोलीत त्याला पुरले, आणि 95 वर्षांनी, 1737 साली, मुख्य मंदिरात आणले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंताळा धबधब्यावर गेलो. नेरडीगोंड्याहून आत वळले की कडम नदीवर तो आहे. पावसाळा नुकताच संपलेला, पाणी भरपूर. उंची सुमारे 45 मीटर सांगतात, हे भाच्यानेच मला दाखवले आणि फार खूष झाला. पण कुंताळ्याचे पाणी एका उडीत खाली येत नाही, खडकांच्या टप्प्यांवर आपटत येते. तेव्हा तीन सेकंदांचे गणित तेथे लागू पडेना. फक्त अगदी वरच्या कडेशी, पाणी खडक सोडते तेथे, वाट वाकत जाताना स्वच्छ दिसत होती. एक पिवळे पान वाहत आले आणि कडेवरून गेले. भाचा मांडीवर बोटांनी मात्रा मोजीत होता. पान मध्येच तुषारांत दिसेनासे झाले म्हणून त्याने दुसऱ्या पानाची वाट पाहिली, मग तिसऱ्याची. ताई वरच्या पायरीवरून हाका मारीत होती, डबा उघडला होता.

परतताना गाडीत तिने मला खुणेने विचारले, सांगितलेस का? मी विंचेन्झोंची आणि वैद्यकाची हकीकत सांगू लागलो. तिने खिडकीबाहेर पाहिले आणि आदिलाबाद येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. रात्री भाच्याने पुढची चार उदाहरणे सोडवून दाखवली. तीन बरोबर होती. चौथ्यात आकडा बरोबर होता, पण मीटर लिहावयाचे राहिले होते. त्याचे मास्तर अर्धा गुण कापतात म्हणे.